निनावी टपालाचा टप्पा

पूर्वींच्या काळीं आपल्या देशांत टपाल टप्प्याटप्प्यानें जात असे. एका जासुदानें थैली खांद्यावर टाकून ठराविक अंतर धांवत जावें, ती दुसऱ्याच्या हवालीं करावी, आणि दुसऱ्यानें ती तिसऱ्याच्या टप्प्यावर पोंचवावी, असा तो क्रम होता. थैलींत कोणाचें पत्र आहे, त्यांत लग्नाचें आमंत्रण आहे कीं मृत्यूची वार्ता, ही चौकशी टप्प्यावरच्या माणसानें करावयाची नव्हती. थैली कोरडी, न फोडलेली आणि वेळेवर पुढें गेली म्हणजे तो आपल्या कर्तव्यांतून मोकळा झाला. आज पत्रें इंटरनेटावरून क्षणार्धांत जातात. परंतु टप्पा राखणाऱ्या माणसाचें काम मात्र जगांतून नाहींसें झालेलें नाहीं. निरनिराळ्या देशांतील हजारों स्वयंसेवक आपापल्या खर्चानें संगणक चालवून परक्या लोकांचे निरोप असेच टप्प्याटप्प्यानें पुढें पाठवीत असतात. या जाळ्याचें नांव टॉर असें आहे, आणि त्यांतील प्रत्येक टप्प्याला रिले असें म्हणतात.

आमच्या वरच्या वर्गांतील कांहीं विद्यार्थ्यांना असा टप्पा आपण चालवावा अशी हौस आहे. त्यांच्या पालकांना मात्र टॉर हें नांव कानीं पडतांच चोरबाजार, फसवणूक आणि पोलीस यांची आठवण होते. ही हौस निर्मळ आहे आणि ही धास्तीही निराधार नाहीं. म्हणून दोहों पक्षांपुढें आमचें मत मोकळेपणानें मांडावें असें आम्हांस वाटलें. तें मत थोडक्यांत असें आहे : ज्यानें दुसऱ्याचें नांव झांकण्याचें काम पत्करलें, त्यानें स्वतः उजेडांत उभें राहिलें पाहिजे. ही अट ज्यास मान्य आहे त्यानें हें काम अवश्य शिकावें. ज्यास ती जड वाटते त्यानें या वाटेस जाऊं नये.

प्रथम या जाळ्याची रचना पाहूं. एखाद्या माणसास दूरच्या संगणकावरील वर्तमानपत्र वाचावयाचें आहे असें समजा. साध्या मार्गानें गेल्यास तो कोण व काय वाचतो हें मधल्या सर्वांस दिसतें. टॉरमध्यें त्याचा निरोप एकांत एक अशा तीन पाकिटांत बंद होतो. पहिला टप्पा बाहेरचें पाकीट उघडतो. त्यास निरोप कोठून आला हें कळतें, पण अखेर कोठें जावयाचा हें कळत नाहीं. मधल्या टप्प्यास केवळ मागचा आणि पुढचा टप्पा ठाऊक असतो. शेवटचा टप्पा निरोप मुक्कामीं पोंचवितो. पण तो कोणी धाडला हें त्यास ठाऊक नसतें. कांद्याचे पापुद्रे एकामागून एक निघावे तसा हा प्रकार असल्यामुळें यास कांद्याचा मार्ग असेंच नांव पडलें आहे. ही कल्पना अमेरिकेच्या नौदलाच्या संशोधनशाळेंत सन १९९० नंतरच्या दशकाच्या मध्यास निघाली. पुढें रॉजर डिंगलडाइन आणि निक मॅथ्यूसन यांनीं तेथील पॉल सिव्हरसन यांच्या सहकार्यानें २००२ च्या सुमारास टॉर सिद्ध केलें, आणि २००६ सालीं तें चालविण्यासाठीं लोकसेवी संस्था स्थापन झाली.

नौदलाची युक्ति नौदलानें सर्व जगास फुकट कां द्यावी, असा प्रश्न चाणाक्ष विद्यार्थ्याच्या मनांत येईल. त्याचें उत्तर आपल्याकडील वारींत आहे. पंढरीच्या वाटेवर लाखों लोक चालत असतां त्यांतील एक वारकरी वेगळा ओळखूं येत नाहीं. ओसाड माळावर मात्र एकटा माणूस कोसभर अंतरावरून दिसतो. या जाळ्यांतून केवळ आरमारी लोकच जाऊं लागले असते तर जो जाईल तो आरमाराचा, असें तात्काळ ठरलें असतें. गर्दीवांचून कोणास लपतां येत नाहीं. म्हणून सर्वांस वाट मोकळी ठेवावी लागली.

नांव झांकण्याची गरज सज्जनास कधीं पडावी, असें ज्यांना वाटतें त्यांनीं आपल्याच भूमीचा इतिहास आठवावा. जालना रस्त्यावरील हें आमचें चिकलठाणें आज विमानतळ आणि कारखाने यांच्या योगानें सर्वांस ठाऊक आहे. परंतु १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत येथें निजामाचा अंमल होता. १९३८ सालीं हैदराबाद स्टेट काँग्रेस नीट उभी राहण्यापूर्वींच तिच्यावर बंदी आली होती. त्या काळीं साधें पत्रक हातीं देणें वा निरोप पोंचविणें हेंही जोखमीचें काम असे. ज्यांनीं तें केलें ते चोर नव्हते. त्यांच्या स्मरणार्थ आपण दर वर्षीं १७ सप्टेंबरास ध्वजवंदन करितों.

तिकडे मुंबईंत १९४२ च्या ऑगस्टांत पुढारी तुरुंगांत गेल्यावर उषा मेहता आणि त्यांचे सोबती यांनीं गुप्त काँग्रेस रेडिओ चालविला. २७ ऑगस्टापासून ४२.३४ मीटरवर त्यांचा आवाज ऐकूं येऊं लागला. हिंदुस्थानांतील कोठल्या तरी ठिकाणाहून बोलत आहों, एवढेंच ते ऐकणारांस सांगत, आणि यंत्र एका जागेहून दुसऱ्या जागीं हलवीत. १२ नोव्हेंबर १९४२ रोजीं पोलिसांनीं त्यांना पकडलें, तें मंडळींतील एका माहितगारानें जागा दाखविल्यामुळें. उषाबाईंना पुढें चार वर्षें तुरुंगवासाची शिक्षा झाली. या घटनेंत आमच्या विषयाचें मर्म आहे. जेथें एकाच माणसास सर्व ठाऊक असतें तेथें तो एक ढळला कीं सर्व ढासळतें. टॉरच्या रचनेंत कोणत्याही एका टप्प्यास सर्व ठाऊक होऊं दिलेलें नाहीं, तें याचसाठीं.

आज आपण स्वराज्यांत आहों, मग ही उठाठेव कशाला, असेंही कोणी म्हणेल. परंतु २४ ऑगस्ट २०१७ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनीं, निवृत्त न्यायमूर्ति पुट्टस्वामी यांच्या दाव्यांत, खासगीपणा हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे असा एकमतानें निर्णय दिला. आपल्या दुखण्याची माहिती शोधणारा रोगी, सासरच्या छळाविरुद्ध मदत शोधणारी सून, वरिष्ठांची लांच उघड करूं पाहणारा कारकून, यांना आपलें नांव सर्वांस कळूं नये असें वाटल्यास त्यांत पाप तें काय? परदेशांत तर ही गरज याहून तीव्र आहे. डिसेंबर २०२१ मध्यें रशियांत टॉर बंद करण्याचे प्रयत्न झाले. सप्टेंबर २०२२ मध्यें महसा अमिनी या तरुणीच्या मृत्यूनंतर इराणांत जनक्षोभ उसळला आणि तेथील सरकारनें इंटरनेटाची गळचेपी केली, तेव्हां असंख्य लोकांनीं याच जाळ्याचा आश्रय केला. त्यांच्या निरोपांना टप्पा देणारे स्वयंसेवक हजारों कोसांवरच्या घरांत बसलेले होते.

आतां दुसरी बाजू. या जाळ्याचा दुरुपयोग झालेला आहे, आणि तो लहानसहान नव्हे. सिल्क रोड नांवाचा अमली पदार्थांचा बाजार याच आडोशानें चालला होता. ऑक्टोबर २०१३ मध्यें अमेरिकन पोलिसांनीं तो बंद पाडला. ही गोष्ट आम्ही लपवीत नाहीं. पण आमच्या शाळेंत सर्वांस परिचित असलेला शोमरोन्याचा दृष्टान्त पहा. यरुशलेमेहून यरीहोस जाणारा तो रस्ता लुटारूंचाही होता, पाहून न पाहिल्यासारखें करून पुढें गेलेल्या याजकाचाही होता, आणि जखमी वाटसरूस उचलणाऱ्या त्या परक्याचाही होता. लुटारू आहेत म्हणून रस्ता बुजवावा, असा त्यांत बोध नाहीं. रस्त्यावर माणसानें कसें वागावें असा आहे. शिवाय त्या जखमी माणसाचें नांव आपणांस ठाऊक नाहीं, शोमरोन्याचेंही नाहीं. उतारशाळा मात्र उघड्या रस्त्यावर, सर्वांस दिसेल अशी होती.

टप्पा राखणाराच बिघडला तर काय होतें, याचा दाखला २००७ सालचा आहे. स्वीडनमधील डॅन एगर्स्टाड या गृहस्थानें कांहीं शेवटचे टप्पे स्वतः चालविले आणि त्यांतून उघड्या जाणाऱ्या मजकुराकडे लक्ष ठेवलें. निरनिराळ्या देशांच्या वकिलातींचे, आणि त्यांत आपल्या देशाच्या वकिलातींचेही, पत्रव्यवहाराचे परवलीचे शब्द त्याच्या हातीं लागले व त्यानें ते प्रसिद्ध केले. लोकांना धोका दाखवून देण्याचा आपला हेतु होता असें त्यानें सांगितलें. तें कांहींही असो, थैली फोडली गेली हें खरें. पुढें २०१४ सालींही, वापरणारांचा माग काढण्याच्या हेतूनें घुसलेले टप्पे उघडकीस येऊन जाळ्याबाहेर काढले गेले. तात्पर्य, यंत्र कितीही युक्तीचें असलें तरी तें अखेर माणसाच्या इमानावर टेकलेलें असतें.

म्हणून टप्पा कसा मांडावा व बिघडल्यास कसा दुरुस्त करावा, हें आम्ही थोडें विस्तारानें सांगतों. कारण या कामांतील बहुतेक अडचणी सचोटी आणि चिकाटी यांचीच परीक्षा पाहणाऱ्या आहेत.

यासाठीं लिनक्सवर चालणारा साधा जुना संगणक पुरतो. टॉरची प्रणाली बसविल्यावर टॉरआरसी नांवाच्या एका फाइलींत चार ओळी लिहाव्या लागतात : टप्प्याचें टोपणनांव, बाहेरचे निरोप ज्या दारानें यावयाचे त्याचा क्रमांक, चालकाशीं संपर्क साधण्याचा पत्ता, आणि हा शेवटचा टप्पा नव्हे अशी स्पष्ट सूचना. यांतील तिसऱ्या ओळीकडे विद्यार्थ्यांनीं लक्ष द्यावें. निनावी जाळ्याच्या चालकानें आपला संपर्क लिहावयाचा! आणि एवढ्यानेंच भागत नाहीं. प्रत्येक टप्प्याचें टोपणनांव आणि इंटरनेटवरील पत्ता जाहीर यादींत छापला जातो. ही यादी कांहीं विश्वासाचीं यंत्रें बहुमतानें दर तासास तयार करितात आणि ती जगांत कोणासही वाचतां येते. एकाच माणसाचे दोन टप्पे असतील तर ते एकाच घरचे आहेत असेंही जाहीर करावें लागतें, म्हणजे कोणाचाही निरोप त्या दोहोंतून जात नाहीं. जो ही सोयरीक लपवितो तो या पंथांत संशयास पात्र होतो.

पहिली अडचण पत्त्याचीच येते. पुष्कळ घरगुती जोडण्यांत इंटरनेट कंपनी अनेक गिऱ्हाइकांना मिळून बाहेरचा एकच पत्ता देते. मोठ्या वाड्याला रस्त्यावर एकच दरवाजा असावा आणि आंतल्या बिऱ्हाडांना स्वतंत्र पाटी नसावी, तशी ती स्थिति होय. अशा घरांतून बाहेर जातां येतें, पण बाहेरच्यास तें बिऱ्हाड सांपडत नाहीं. राउटरच्या पानावर दिसणारा पत्ता १०० या आंकड्यानें सुरू होऊन दुसरा आंकडा ६४ ते १२७ यांमधील असेल, तर आपण वाड्यांतले भाडेकरी आहों असें समजावें. कंपनीकडे स्वतंत्र पत्त्याची मागणी करणें हाच त्यावर उपाय. त्यास बहुधा जादा पैसे पडतात.

पत्ता मिळाल्यावर राउटरवर त्या क्रमांकाचें दार उघडून तें आपल्या संगणकाकडे वळवावें लागतें. येथें नवशिके एका गोष्टींत हटकून फसतात. वीज जाऊन परत आली कीं राउटर संगणकास घरांतला दुसराच क्रमांक देतो. मग दार उघडें असतें, पण तें रिकाम्या खोलींत उघडतें. यास्तव संगणकाचा घरांतला क्रमांक कायमचा बांधून टाकावा. सर्व ठीक झालें म्हणजे आपलें दार बाहेरून गांठतां येतें असा शेरा टॉर स्वतःच आपल्या नोंदवहींत लिहितो. तो शेरा दिसेपर्यंत काम झालें असें कोणीं म्हणूं नये.

दुसरी अडचण घड्याळाची. जुन्या संगणकाच्या आंतील नाण्याएवढी बॅटरी संपली असली तर वीज जातांच त्याचें घड्याळ कित्येक वर्षें मागें जातें, आणि ज्याची वेळ खोटी त्याच्याशीं बाकीचे टप्पे व्यवहार करीत नाहींत. कोणी हातानें वेळ लावितो, पण देशाच्या प्रमाणवेळेची खूण चुकवितो; मग साडेपांच तासांचें अंतर पडतें. बॅटरी बदलावी आणि वेळ इंटरनेटवरील प्रमाणघड्याळाशीं आपोआप जुळत राहील अशी व्यवस्था करावी. आमच्याकडील वैशाखाचा उन्हाळा आणि धूळ यांचाही विचार ठेवावा. बंद कपाटांत कोंडलेला संगणक तापून बंद पडतो, आणि इन्व्हर्टरचा आधार नसेल तर प्रत्येक झटक्यास टप्पा तुटतो.

तिसरी अडचण मनाची आहे. मांडणी निर्दोष असूनही पहिले कांहीं दिवस टप्प्यावरून फारसे निरोप जातच नाहींत. मुलांना वाटतें, कांहीं तरी चुकलें. मग तीं फाइल पुनः पुनः बदलतात, टप्पा बंद करून चालू करितात, आणि होतें तेंही बिघडवितात. वास्तविक दोष कांहींच नसतो. आपला वेग किती हें चालकानें सांगून कोणी मानीत नाहीं. दुसरीं यंत्रें तो मोजतात. पहिले सुमारें तीन दिवस तर मोजणीही पुरी झालेली नसते. आठवडा लोटल्यावर, वेग आणि सातत्य पुरेसें असल्यास, त्यावर पहिल्या टप्प्याचें काम सोंपविण्यास आरंभ होतो, आणि पुरा भरंवसा बसण्यास सुमारें ६८ दिवस लागतात. नव्या पेढीवर लोक एका दिवसांत ठेवी ठेवीत नाहींत, तसेंच हें. वेगही बेताचा हवा. येण्यास व जाण्यास प्रत्येकीं सेकंदास किमान १० मेगाबिट असावा अशी चालकांस अट आहे. महिन्याचा डेटा मर्यादित असेल तर फाइलींत तशी मर्यादा घालतां येते. टप्प्याची ओळख ज्या गुप्त किल्ल्यांत असते त्यांची प्रत मात्र वेगळी जपून ठेवावी. संगणक मोडला तरी त्या किल्ल्या असतील तर मिळविलेली पत टिकते, नाहीं तर पुनः पहिल्यापासून आरंभ.

आतां पालकांच्या धास्तीविषयीं. शेवटचा टप्पा घरांत किंवा शाळेंत कदापि चालवूं नये, असें आमचें ठाम मत आहे. कारण जगांतील कोणाच्याही आगळिकीवर त्या घराचा पत्ता दिसतो, आणि पोलिसांनीं दार ठोठावल्यास त्यांचा दोष नाहीं. मधल्या टप्प्याची गोष्ट वेगळी. त्याच्या पत्त्यावरून बाहेरच्या जगांत कोणताच निरोप उतरत नाहीं. तरीही एक उपद्रव संभवतो. कांहीं बँका आणि संकेतस्थळें टॉरच्या यादींतील सर्वच पत्ते सरसकट नाकारितात. मग घरांतील वडील मंडळींचा बँकेचा व्यवहार अडतो आणि कारण कोणास उमगत नाहीं. तेव्हां वडिलांस पूर्ण कल्पना देऊन त्यांची परवानगी घेतल्याशिवाय कोणाही मुलानें घरच्या जोडणीवर टप्पा मांडूं नये. ज्यांना स्वतंत्र पत्ता मिळत नाहीं, त्यांच्यासाठीं स्नोफ्लेक नांवाची लहान सोय आहे; ती ब्राउझरमध्यें बसते, वाड्याच्या एका दारांतूनही चालते, आणि ज्या देशांत टॉरची वाट अडविली आहे तेथील माणसास आंत येण्यापुरता हात देते. तिचे पत्ते जाहीर करीत नाहींत, कारण जाहीर होतांच अडविणारा तेही अडवील. हा अपवाद, आणि तोही वाटसरूच्या हितासाठीं. घरांतल्या माणसांपासून मात्र तीही लपवूं नये.

कायद्याच्या दृष्टीनें पाहतां, माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० याच्या ७९ व्या कलमांत मध्यस्थास संरक्षण देतांना ज्या अटी सांगितल्या आहेत त्या विचार करण्याजोग्या आहेत. निरोप त्यानें स्वतः सुरू केलेला नसावा, कोणाकडे जावयाचा हें त्यानें ठरविलेलें नसावें, आणि आंतील मजकूर त्यानें निवडलेला वा बदललेला नसावा. शिवाय त्यानें योग्य ती दक्षता घेतलेली असावी. जुन्या जासुदाचा धर्म तो हाच. म्हणून हें संरक्षण प्रत्येकास प्रत्येक प्रसंगीं मिळेलच असें मात्र कोणीं समजूं नये. भाड्याच्या सर्व्हरवर टप्पा मांडणारांनीं २८ एप्रिल २०२२ चे सरकारी निर्देशही वाचावे. तसे सर्व्हर पुरविणारांस गिऱ्हाइकांची माहिती पांच वर्षें ठेवावी लागते. प्रामाणिक चालकास त्याचें भय नाहीं. त्याचें नांव आधींच उघडें आहे.

आमची सूचना अशी आहे कीं, जे विद्यार्थी अद्याप अज्ञान आहेत त्यांनीं हें काम पालकांच्या किंवा शिक्षकांच्या देखरेखीखालीं शिकावें, आणि सज्ञान झाल्यावर आपल्या नांवानें, आपल्या खर्चानें, मधला टप्पा चालवावा. हौसेनें मांडून महिन्याभरांत बंद करावयाचा असेल तर मांडूंच नये. ज्यास दुसऱ्याचें पत्र फोडून पाहण्याचा मोह आवरत नाहीं, त्यानें प्रथम घरांतील धाकट्या बहिणीची वही न वाचण्यापासून आरंभ करावा. पालकांनींही मुलगा रात्रीं संगणकापाशीं बसला आहे एवढ्यानें रागावण्यापूर्वीं, तूं काय करितोस आणि त्यावर तुझें नांव लिहिलें आहे काय, हे दोन प्रश्न विचारावे. जो मुलगा दोहोंचीं सरळ उत्तरें देतो त्याच्या हातीं परक्याची थैली निर्धास्त द्यावी.